ब्लोअरचं थांबणं

माझ्या बापाच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती, तरी थप्पड पुरी बसायची. तेल्हाऱ्याच्या एका जिनिंगमध्ये तो ब्लोअरवर होता. ब्लोअर म्हणजे माणसाच्या उंचीचा पंखा. पत्र्याच्या जाड पाइपातून तो ढिगातला कापूस ओढतो आणि आत जिनांवर फेकतो, तिथं सरकी वेगळी होते. पाइपात कापूस अडकून बसला की त्याला चोक म्हणतात, आणि तो पाइपाचं झाकण उघडून हातानंच काढावा लागतो. बाप असाच खांद्यापर्यंत हात घालून चोक काढत असताना पलीकडून कोणीतरी ब्लोअरचं बटण दाबलं. बोटं कापसासोबत आत गेली. त्या दिवशीच्या रुईच्या गाठीत ती कुठंतरी दाबली गेली असतील आणि गाठ परदेशी गेली असेल, असं तो सांगायचा आणि वर हसायचा.

त्या हातानं त्यानं माझी शाळा सोडवली असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. नववीत गणिताच्या सरांनी मला डस्टर फेकून मारलं. कानामागं रक्त आलं. मी घरी येऊन सांगितलं, तर सर उगाच मारतील काय, तूच काहीतरी केलं असशील, म्हणून बापानं दुसऱ्या कानाखाली लावली. दोन्हीकडचा मार सोसवेना म्हणून मी आधी एकीकडचा सोडला. मग काही महिन्यांनी दुसरीकडचाही सोडला आणि अकोल्याच्या गाडीत बसलो.

आता मी कोइमतुरात राहतो, सूतगिरण्यांच्या यंत्रांचे प्रोग्राम लिहितो. दहावी नसलेल्या माणसाला इथल्या लोकांनी खुर्ची दिली, हे उपकार मी विसरत नाही. ती खुर्ची उद्या काढून घेतील ही भीती मात्र रोज सकाळी माझ्याआधी ऑफिसात पोचलेली असते. लिहितो आहे ते या खुर्चीच्या आधीचं. तेल्हाऱ्याचा ब्लोअर वेळेवर थांबेल की नाही, एवढ्यावर तेव्हा माझ्या बापाचा जीव टांगलेला होता, आणि ते बापाला सोडून आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

अकोल्याच्या एमआयडीसीत भाईजानचं वर्कशॉप होतं. जिनिंगच्या यंत्रांना वीज देणारे, त्यांना चालू-बंद करणारे पॅनेल तिथं बनायचे. भाईजान म्हणजे मालक. त्यांनी मला वायरी सोलायला ठेवलं, माळ्यावर झोपायला जागा दिली. रमजानात स्वतः रोजा धरून असायचे आणि दुपार झाली की मला ओरडून जेवायला हाकलायचे. त्यांनी मला कधी हात लावला नाही. सुरुवातीला याचीच मला धास्ती वाटायची. जो माणूस हात उचलतच नाही तो नेमका कधी उचलेल याचा अंदाज येत नाही.

पॅनेलच्या आत एक लहानसा संगणक बसवलेला असायचा. त्याचा प्रोग्राम ताई लिहायची. ताई अमरावतीची, इंजिनिअर, अकोल्यात खोली करून राहणारी. मी वायरी जोडता जोडता तिच्या पडद्याकडं बघत राहायचो. एक दिवस तिनं मला हाताला धरून शेजारी बसवलं. तिनं मला सगळं मराठीत शिकवलं. इंग्रजीत सांगितलं की मी नुसती मान हलवतो हे तिच्या लवकरच लक्षात आलं होतं.

तिचं म्हणणं साधं होतं. जिन असो, रुई वाहणारा पट्टा असो, गाठी दाबणारी प्रेस असो, बाहेरच्याला इतकंच माहीत असावं की हे एक यंत्र आहे, ते सुरू होतं आणि ते थांबतं. म्हणून तिनं सगळ्यांच्या बुडाशी एकच बेस क्लास लिहिला होता, त्याचं नाव 'यंत्र'. सगळ्यांची सारखी वागणूक एकदाच लिहून ठेवायची ती जागा. त्यात 'सुरू' होतं, 'थांब' होतं, अशा एकेका हुकमाला मेथड म्हणतात. 'थांब' म्हटलं की वीज तुटायची आणि ब्रेक लागायचा. जिनाचा क्लास, पट्ट्याचा क्लास, प्रेसचा क्लास हे सगळे या 'यंत्र'मधून निघालेले. मूळचं सगळं त्यांना आपसूक मिळायचं. एखाद्याला थांबायची आपली पद्धत वेगळी हवी असेल, तर त्यानं 'थांब' ही मेथड आपल्या क्लासमध्ये पुन्हा लिहायची. याला ओव्हरराइड करणं म्हणतात. प्रेसचं तसंच होतं. तिला आधी दाब सोडावा लागतो, नाहीतर गाठ फुटून तिच्या लोखंडी पट्ट्या उडतात आणि समोरच्याचं तोंड फोडतात. म्हणून प्रेसचं 'थांब' वेगळं लिहिलं होतं. बाहेरून सगळ्यांना एकच हाक मारायची, आणि ज्यानं त्यानं आपापल्या परीनं थांबायचं.

"म्हंजे बापाचं ऐकल्यासारखं करायचं अन् आपलंच चालवायचं," मी म्हणालो.

ताई हसली, पण तिनं विषय सोडला नाही. "आपलं चालव, पण कबूल केलेलं मोडू नको," ती म्हणाली. "थांब म्हंजे थांब. कसा थांबतं ते तुह्यावर. थांबलाच नाही, त ज्यानं तुह्यावर भरोसा ठेवून हाक मारली त्याचा तू गळा कापला."

गळा कापण्याची गोष्ट तिनं इतक्या सहज सांगितली की मी नुसती वहीत लिहून घेतली.

बेस क्लासमध्ये आणखी एक मेथड होती, आणीबाणीची. पॅनेलवरचं लाल बटण दाबलं की ती चालायची. काम एवढंच, की सगळी यंत्रं एकामागून एक घ्यायची आणि प्रत्येकाला 'थांब' म्हणायचं.

आता आमच्या वऱ्हाडातल्या जिनिंगची एक रीत सांगितली पाहिजे. ब्लोअर कोणी एकदम बंद करत नाही. एकदम बंद केला की पाइपातला कापूस आहे तिथंच खाली बसतो आणि वळणावर चोक होतो. म्हणून आधी पाइपाचं ढिगावरचं तोंड उचलायचं, पाइपातला कापूस पुढं जाऊ द्यायचा, मग ब्लोअर बंद. याला मिस्त्री लोक म्हणतात, पाइप पिऊ दे. दिवसातून कितीदा तरी ही आरोळी ऐकू येते. बाप झोपेतसुद्धा ती देत असे. ज्याचं बोट गेलं आहे, ज्यानं कोणाचं गेलेलं पाहिलं आहे, तो पाइप प्यायल्याशिवाय बटणाला हात लावत नाही.

अमरावतीकडच्या एका मोठ्या जिनिंगमध्ये आमचं पॅनेल बसलं तेव्हा तिथले मिस्त्री हेच धरून बसले. तुमचा संगणक फटकन बंद करतो, रोज चोक होतात. ताई तेव्हा सुटीवर होती. भाईजान स्वतः लॅपटॉप घेऊन बसले. त्यांनी ब्लोअरच्या क्लासमध्ये 'थांब' ओव्हरराइड केलं. थांब म्हटलं की अर्धं मिनिट तसंच चालायचं, पाइप पिऊ द्यायचा, मग वीज तोडायची. मिस्त्री खूश. शेठही खूश. भाईजाननं तोच प्रोग्राम तेल्हाऱ्यालाही टाकला, माझ्या बापाच्या जिनिंगमध्ये. बाप त्या पॅनेलपुढं उभा राहून काम करू लागला. पोराच्या दुकानचा माल आहे हे त्याला कळलं होतं. माय फोनवर म्हणाली की तो रोज निघताना पॅनेलचं दार फडक्यानं पुसतो.

मग अमरावतीची आग लागली. मी तिथं होतो, एक सेन्सर बदलायला गेलो होतो. कापसातून कधी खडा येतो, कधी खिळा येतो. पत्र्याला घासून ठिणगी पडते. कापसाची आग आधी दिसत नाही, आतल्या आत सरकते. पाइपाच्या तोंडाशी धूर दिसला आणि कोणीतरी लाल बटणावर मूठ मारली. जिन थांबले, पट्टे थांबले. एवढ्या मोठ्या शेडमध्ये एकदम शांतता पसरली, आणि त्या शांततेत ब्लोअर एकटा गरजत राहिला. तो पाइप पीत होता. पेटलेला कापूस ढिगातून ओढत होता आणि पलीकडं स्वच्छ रुईवर फेकत होता. पंख्याच्या वाऱ्यानं पाइपातला निखारा पांढरा झाला होता. बाहेर पडताना त्याचे गोळे होऊन उडायचे. आम्ही आग विझवत नव्हतो, शिंपडत होतो.

रुईच्या ओट्यावर मेळघाटातला एक मजूर उभा होता. पहिला गोळा त्याच्या पाठीवर बसला. तो उडी मारून खाली आला तोवर शर्ट पाठीला चिकटला होता. आम्ही त्याला काळ्या मातीत लोळवलं. मी त्याचा दंड धरला तर कातडी माझ्या हातात सरकली. तो ओरडत नव्हता, आमच्यातले दोघं ओरडत होते. त्याला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तो जगला. त्याचा हात पुढं कोपरात वाकलेलाच राहिला, हेही मला माहीत आहे, कारण मी नंतर त्याला भेटायला जात असे आणि तो मला वाकड्या हातानं चहा द्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अमरावतीच्या शेठचा पोरगा माणसं घेऊन वर्कशॉपवर आला. सोबत जिनाचा एक जाड रबरी पट्टा आणला होता. काही विचारलं नाही. भाईजान उठून सलाम करायला गेले आणि पहिला पट्टा त्यांच्या मानेवर बसला. ते टेबलावर पडले, टेबलावरून खाली. मी मधे गेलो तर कोणाचा तरी गुडघा माझ्या पोटात घुसला आणि मी पॅनेलच्या उघड्या दारावर आदळलो. पत्र्याची धार भुवईत गेली. डोळ्यात रक्त उतरलं, पुढचं मी एकाच डोळ्यानं पाहिलं. भाईजान डोक्यावर हात धरून कोपऱ्यात सरकत होते आणि पट्टा त्यांच्या बोटांवर, कोपरांवर पडत होता. सोबतच्यांतला एकजण त्यांच्या धर्मावरून बोलू लागला.

शेठचा पोरगा वळला आणि त्यालाच म्हणाला, "जात नको काढू बे. दात काढ."

त्या माणसानं बूट मारून तेही करून दाखवलं. मग पोरगा भाईजानपुढं उकिडवा बसला. "तुहा डब्बा बंद होत नाइ," तो म्हणाला, अगदी हळू. "माहा मानूस जळून राह्यला होता अन् तुहा डब्बा पाइप पाजत होता." तो रडत होता हे मला तेव्हा दिसलं. जाताना त्यांनी ताईच्या टेबलावरचा मॉनिटर उचलून भिंतीवर फोडला. ताई लॅपटॉप पोटाशी धरून भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्याकडं कोणी पाहिलं नाही, म्हणून लॅपटॉप वाचला.

भाईजान जिभेनं दात चाचपत होते. ताई खाली फरशीवरच बसली, लॅपटॉप उघडला आणि ब्लोअरचा क्लास वाचू लागली. तिला फार वाचावं लागलं नाही.

भाईजान तिच्याकडं बघून म्हणाले, "मिस्त्री लोकायनं सांगितलं ना बेटी. मी बी लहानपनापासून तेच पाह्यत आलो. पाइप पिऊ दिल्याबिगर कोनी बंद करते काय?"

"रोजच्याले बराबर लिहिलं तुमी," ताई म्हणाली. "पन लाल बटन बी तेच थांब बोलावते. रोजचं थांबनं अन् आगीतलं थांबनं, मी दोन्हीले एकच दार ठेवलं. अन् त्या दाराले कुलूपच नाही लावलं, कोनीही यावं अन् बदलावं." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "तेल्हाऱ्याले बी हेच टाकलं ना?"

तेल्हाऱ्याच्या शेडमध्ये ब्लोअर आणि रुईचा ओटा शेजारीशेजारी होते. ओट्यावर आग पडली तर ब्लोअरजवळचा माणूस तिथून निघूच शकत नव्हता. आणि तो माणूस कोण हे सांगायची गरज नव्हती. मी तिथल्या मॅनेजरला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं. सीझन भरात आहे, गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या आहेत, तुमच्या अमरावतीचं तुम्ही बघा, म्हणाला आणि ठेवला. बापाचा फोन कामावर असताना डब्याच्या पिशवीत असायचा. तो लागला, वाजला, कोणी उचलला नाही. मी पुन्हा लावला. भाईजाननं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि तोंडातलं रक्त थुंकून म्हणाले, "फोन काय करून राह्यला? प्रोग्राम कर अन् जा."

त्या फुटलेल्या खोलीत बसून ताईनं बेस क्लास नव्यानं मांडला. ती सांगत होती, मी टाइप करत होतो. तिनं आधी दोन थांबणी वेगळी केली. 'थांब' हे रोजचं. ते ज्याला त्याला ओव्हरराइड करता येईल, ब्लोअरनं खुशाल पाइप पिऊ द्यावा. दुसरं 'तोड'. वीज तोडायची, ब्रेक लावायचा, बस. ते बेस क्लासमध्येच राहील आणि त्याला कुलूप. खालच्या कोणत्याही क्लासनं ते बदलायचा प्रयत्न केला तर प्रोग्राम तयारच होणार नाही. आणीबाणी आता 'तोड'ला हाक मारणार. तिथं कोणाचं कोणतंही स्वतःचं मत चालणार नाही.

मग 'सुरू'लाही तिनं तसंच केलं. 'सुरू' बाहेरचं, कुलूपबंद. ते आधी पाइपाचं झाकण बंद आहे का हे बघेल, आणि बंद असेल तरच आतल्या 'फिरव'ला हाक मारेल. कसं फिरायचं ते ज्यानं त्यानं आपलं लिहावं. फिरायचं की नाही हे मात्र त्याच्या हातात नाही. बेस क्लास काय देतो हे मला आधीपासून माहीत होतं. त्यानं काय कोणाच्याच हाती देऊ नये, हे ठरवणं म्हणजे बेस क्लास लिहिणं, ते मी त्या दिवशी शिकलो. भाईजान तोंडाला फडकं लावून पडल्या पडल्या म्हणाले, प्रोग्राम असू द्या, पण लाल बटणापासून ब्लोअरला एक थेट तारही टाका, झाकणालाही टाका. आम्ही तारा आणि झाकणाला लावायचे स्विच पिशवीत भरले. टेबलावरच्या छोट्या मोटरवर तपासून पाहिलं. ताई म्हणाली झालं, तरी मी पुन्हा बटण दाबलं, आणि पुन्हा.

तेल्हाऱ्याला वर्कशॉपची जुनी व्हॅन ताईनं चालवली. माझा एक डोळा सुजून बंद झाला होता. अकोटच्या पुढं कापसाच्या ट्रॉल्या लागल्या आणि ती हॉर्नवर हात ठेवूनच चालली.

मॅनेजर दारातच आडवा आला. ताईनं वाद घातला नाही. मी अमरावतीत काढलेला फोटो तिनं त्याच्यापुढं धरला, मातीत पालथा पडलेला माणूस आणि त्याची पाठ. मॅनेजरनं तोंड फिरवलं. मग म्हणाला, ब्लोअरवाल्याला विचारा, तो हो म्हणाला तर करा, मी मधे नाही. आपल्या डोक्यावरचं ओझं त्यानं माझ्या बापाच्या डोक्यावर ठेवलं.

बाप कापसानं पांढरा झाला होता, भुवयासुद्धा. मी त्याला सगळं सांगितलं, जमेल तितक्या हळू, पण ब्लोअरच्या आवाजात ओरडूनच सांगावं लागत होतं. लाल बटण दाबलं की ब्लोअर तिथल्या तिथं बंद होईल, एवढं वाक्य आलं आणि त्यानं मला मारलं. सुजलेल्या बाजूलाच. मी पत्र्यावर गेलो. गाड्यांवरची माणसं बघायला उभी राहिली.

"पाइप भरेल असन अन् तुमी बंद करसान," बाप म्हणाला. "मंग चोक कोन काढन? तुह्या कंप्युटरले बोटं हायेत काय?"

मी उठून पुन्हा सांगू लागलो, झाकण उघडं असलं तर ब्लोअर सुरूच होत नाही, कोणीही बटण दाबलं तरी. त्यानं पुन्हा मारलं. "शाळा सोडून पयाला," तो लोकांना म्हणाला, "अन् आता मले शिकवून राह्यला."

तेव्हा ताई पुढं झाली. तिनं त्याला काका म्हटलं, आणि म्हणाली, "मारून घ्या, काका. पन आंधी एकडाव पाहून घ्या. जमलं नाही त जुनं टाकून देतो अन् चाललो जातो."

बापानं तिच्याकडं बराच वेळ बघितलं. मग आतल्या माणसाला हात केला. ब्लोअर बंद झाला, नेहमीसारखा पाइप पिऊन. आम्ही प्रोग्राम टाकला, तारा टाकल्या, झाकणाला स्विच बसवला. मी प्रत्येक स्क्रू पिळून पुन्हा पिळत होतो. बाप मागं उभा होता आणि त्याचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

त्यानं ब्लोअर सुरू करायला लावला आणि पाइप ठासून भरू दिला. कापूस पुरा ओढायला लागल्यावर त्यानं स्वतः लाल बटणावर मूठ मारली. ब्रेकचा कर्कश आवाज झाला, पाइप गदगदला, आतला कापूस धपकन खाली बसला आणि पंखा उभा राहिला.

"खोल झाकन," बाप म्हणाला.

मी उघडलं.

"घाल हात."

मी हात घातला, खांद्यापर्यंत. पाइपात कापूस गरम होता. बोटांच्या टोकाला पंख्याचं पातं लागलं, थंडगार. बापानं माझा खांदा धरून मला पाइपावर दाबलं, इतकं की हात काढायचा म्हटला तरी निघाला नसता, आणि दुसरा हात लांब करून ब्लोअर सुरू करायच्या बटणावर ठेवला. ताईनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मी तिला मान हलवून नको म्हटलं. प्रोग्राम बरोबर होता हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि तिथं हात असणं यात काय अंतर असतं ते मी कोणाला समजावून सांगू शकणार नाही. माझी पँट ओली झाली.

त्यानं बटण दाबलं. काही झालं नाही. त्यानं पुन्हा दाबलं, आणि मग दाबून धरलं, जणू पॅनेलचाच गळा दाबतो आहे. पातं माझ्या बोटांना लागून होतं आणि ते हललं नाही. पडद्यावर झाकण उघडे अशी अक्षरं आली होती. ताईनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. बापानं खांदा सोडला.

त्यानं बाही वर केली, माझ्या शेजारी वाकला आणि चोक काढू लागला. दोघांनी मिळून काढला. कापूस घट्ट बसला होता, नखं निघाली. झाकण लावल्यावर त्यानं गाडीवाल्यांना शिव्या देऊन कामाला लावलं, आणि मला म्हणाला, सरक, गाडी लागली. एवढंच.

भाईजाननं पुढं अमरावतीच्या जिनिंगलाही नवा प्रोग्राम टाकला. त्याच शेठच्या पोरानं त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. दोघांपैकी कोणीच त्या सकाळचा विषय काढला नाही. भाईजान समोरच्या तुटक्या दातांनी बिस्किट भिजवून खात होते आणि मी त्यांच्याकडं बघू शकत नव्हतो. मला इथं कोइमतुरात पाठवलं तेही त्यांनीच, ताईच्या ओळखीनं. त्या दोघांचं मी काय देणं लागतो याचा हिशेब मांडायला बसलो की मला भीतीच वाटते, म्हणून मांडत नाही.

मागच्या सीझनला माय फोनवर बोलता बोलता सांगून गेली की तेल्हाऱ्याच्या जिनिंगमध्ये बापानं एक नवीच रीत पाडली आहे. सीझनच्या पहिल्या दिवशी कामावर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला तो झाकण उघडून पाइपात हात घालायला लावतो, मानगूट धरतो आणि बटण दाबतो. माणसं रडतात, शिव्या घालतात, एकजण तर काम सोडून पळाला. पण पुन्हा कोणी झाकण उघडायला घाबरत नाही आणि कोणी ते उघडं सोडतही नाही.

मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी बापाला फोन केला. स्विच हा स्विचच असतो, मी म्हणालो, त्यात कचरा जातो, स्प्रिंग तुटते, तार उंदीर खातो. एखाद्या वर्षी तो बिघडलेला असला तर? तुमी त्या माणसाचा हात तोडसान.



"म्हनून त," बाप म्हणाला, "मी आंधी माहा हात घालतो. बटन त्यायले दाबाले लावतो."